अक्षराआधी गोष्ट



अंगणवाडीत गेलो की आपण ताईंना पहिलं विचारतो, “पोराला अ-आ लिहायला येतं का?” पोर गोष्ट सांगतं का, हे कुणी विचारत नाही. पण अंगणवाडी आली कुठून, हे पाहिलं तर गोष्टीचा मान कळतो.

१९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. तिथे छडी नव्हती. गोष्टी, गाणी, चित्रं आणि हातांना काम होतं. १९२३ साली ताराबाई मोडक तिथे गेल्या आणि हे शिक्षण त्यांनी महाराष्ट्रात आणलं. पण माँटेसरीची साधनं महाग. गरिबाच्या पोराचं काय?

म्हणून १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला, खेड्यात, काम सुरू केलं. सोबत आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, थोड्याच महिन्यांत वैधव्य, तरी शिकून शिक्षिका झालेल्या. आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. तीच अंगणवाडी! खडे, शिंपले, पानं, बिया हीच साधनं. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारली घरांत लग्नाला बायका तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. त्याला ‘चौक लिहिणं’च म्हणतात. म्हणजे शाळा नव्हती तिथेही आईच्या हातात लिहिणं होतंच.

१९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. नाव राहिलं, पण आपण मात्र पाटीवरची अक्षरं मोजत बसलो. तीन वर्षांच्या पोराची बोटं अजून कोवळी असतात. त्याला मारून गिरवायला लावलं, तर अक्षराची भीतीच बसते.

पोराने जमिनीवर रेघोट्या मारल्या की विचारूया, “हे काय काढलंस?” ते म्हणेल, “बैल पळाला.” तेच शब्द खाली लिहायचे आणि त्याला वाचून दाखवायचे. आपण बोललेलं कागदावर राहतं, हे त्याला उमगलं की अक्षराची ओढ आपोआप लागते.

“आम्हालाच लिहिता येत नाही,” असं कुणी म्हणेल. मग लिहायला थोरल्या मुलीला बसवा. गोष्ट ऐकायला, सांगायला आणि पुढे काय झालं ते विचारायला तर सही करता येण्याचीही गरज नाही. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या पोराची एक गोष्ट आणूया.