अनंत पै आणि चित्रकथेतील इतिहास : संपादकाच्या भूमिकेचा एक विचार

‘अमर चित्रकथा’ या मालिकेचा पहिला अंक म्हणून ज्याचा सर्वत्र उल्लेख होतो तो ‘कृष्ण’ हा अंक मूळ क्रमांकानुसार अकरावा आहे. ही विसंगती वरवर क्षुल्लक वाटते. परंतु ज्यांना कालगणना आणि कागदपत्रे यांच्याशी नित्य व्यवहार करावा लागतो, त्यांना अशा क्षुल्लक विसंगतीपासूनच आरंभ करणे श्रेयस्कर वाटेल. अकराच्या आधीचे दहा कोठे गेले? ते दहा अंक कन्नड भाषेत निघाले होते आणि त्यांचे विषय पाश्चात्य परीकथांचे होते. इंडिया बुक हाउस या प्रकाशनसंस्थेच्या बंगलोर येथील कार्यालयातील जी. के. अनंतराम यांच्या पुढाकाराने ते प्रसिद्ध झाले. मूळ कल्पना आपलीच, असे अनंतराम यांचे प्रतिपादन होते.

याच्या शेजारी दुसरी, कितीतरी अधिक प्रसिद्ध अशी उत्पत्तिकथा ठेवून पाहावी. ती स्वतः अनंत पै यांनी वारंवार सांगितली. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवर प्रश्नमंजूषेचा एक कार्यक्रम त्यांच्या पाहण्यात आला. त्यात भाग घेणाऱ्या तरुणांना ग्रीक पुराणांतील देवतांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देता आले. मात्र रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. त्या क्षणी भारतीय कथांची चित्रमालिका काढण्याचा निश्चय झाला, अशी ही हकीकत आहे. ती खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या संस्थेचा उगम एका क्षणात आणि एका व्यक्तीच्या मनात झाला, असे सांगणारी कथा कोणत्या गरजेतून घडते, हे बखरींच्या अभ्यासकाला सांगावयास नको. कन्नड अंकांचा व्यापारी अनुभव, मुंबईतील जी. एल. मीरचंदानी यांचे भांडवल आणि पै यांची तळमळ या तिन्हींच्या संयोगातून मालिका उभी राहिली, असे मानणेच युक्त होय. पुढे जाड कागदावरील नव्या आवृत्त्यांत अंकांना ५०१ पासून नवे क्रमांक देण्यात आले. ५०१ हा क्रमांक ‘कृष्ण’ला मिळाला आणि त्या दहा कन्नड अंकांची उरलेली खूणही पुसली गेली.

पै यांचे पूर्वचरित्र थोडक्यात असे. १७ सप्टेंबर १९२९ रोजी दक्षिण कानडा जिल्ह्यातील कारकळ येथे त्यांचा जन्म झाला. मातृभाषा कोंकणी. आईवडिलांचे छत्र फार लवकर हरपले आणि वयाच्या बाराव्या वर्षी ते मुंबईस आले. मुंबई विद्यापीठात त्यांनी रसायनतंत्राचे शिक्षण घेतले. पण ओढा छापखान्याकडे होता. १९५४ साली त्यांनी ‘मानव’ नावाचे मुलांसाठीचे मासिक काढले. ते चालले नाही. नंतर ते टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन विभागात दाखल झाले आणि मार्च १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. मराठी वाचकाला ज्या ‘वेताळा’ची ओळख याच मालिकेने करून दिली, तो मूळचा अमेरिकन ‘फँटम’. परदेशी नायकाला देशी नाव देऊन तो घरोघर पोचविता येतो, हा धडा पै यांना येथे मिळाला असला पाहिजे. नावाबरोबर नायकही देशीच का नसावा, हा त्यापुढचा प्रश्न त्यांच्यासारख्याला सुचणे स्वाभाविक होते.

१९६९-७० च्या सुमारास ‘कृष्ण’ प्रसिद्ध झाला. संहिता पै यांची, चित्रे राम वाईरकर यांची. चमत्कार कितपत दाखवावेत याविषयी विज्ञानाचे शिक्षण घेतलेले पै आरंभी साशंक होते. पुढे तो संकोच उरला नाही. पौराणिक विषयांपाठोपाठ ऐतिहासिक पुरुष आले, संतचरित्रे आली, क्रांतिकारक आले. १९९१ पर्यंत मूळ क्रमांकांनी चारशेचा टप्पा ओलांडला होता.

एवढ्या विस्तारात पै लेखक म्हणून जितके दिसतात त्याहून संपादक म्हणून अधिक दिसतात, आणि प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः हाच आहे. संहिता लिहिणारे अनेक होते : कमला चंद्रकांत, सुब्बा राव, लुइस फर्नांडिस आदी. चित्रकारांत वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, युसुफ लीन यांची शैली परस्परांहून भिन्न. असे असताना सर्व अंकांना एकच आवाज आहे, आणि तो संपादकाचा आहे. बहुधा बत्तीस पृष्ठांची मर्यादा, आरंभी गद्य प्रस्तावना, तीत पुष्कळदा आधारग्रंथाचा निर्देश, आणि नंतर कोठेही न अडखळणारे निवेदन, असा हा साचा होता. आधारग्रंथ सांगण्याचा आग्रह ही पै यांच्या बाजूने नोंदविण्यासारखी गोष्ट आहे. त्या काळच्या कित्येक शालेय पाठ्यपुस्तकांनी तेवढीही तसदी घेतलेली नाही.

परंतु पै यांचे खरे संपादकीय सूत्र निराळे होते, आणि ते त्यांनी लपविले नाही. सत्य बोलावे, प्रिय बोलावे, परंतु अप्रिय असे सत्य बोलू नये, अशा आशयाच्या मनुस्मृतीतील वचनाचा ते आधार देत असत. बालवाङ्मयाच्या संपादकाला हे सूत्र शोभते, असे कोणी म्हणेल. गृहस्थधर्मातही ते हितकारक असेल. इतिहासाला मात्र ते लावले की काय होते, हे उदाहरणांनीच पाहिले पाहिजे.

‘शिवाजी’ (१९७१) हा अंक घेऊ. संहिता भा. रा. भागवत यांची : फास्टर फेणेचा निर्माता आणि बालवाचकाची नाडी अचूक ओळखणारा लेखक. चित्रे प्रताप मुळीक यांची. यातील अफजलखान-भेटीत खान प्रथम घात करतो आणि महाराज त्यास प्रत्युत्तर देतात. यात भागवतांनी पदरचे काही घातलेले नाही. सभासदाची बखर हेच सांगते आणि जदुनाथ सरकारांनीही साधनांची छाननी करून खानाचाच प्रथम घाव मानला. प्रश्न निष्कर्षाचा नाही. ग्रँट डफने १८२६ साली या प्रसंगाचा उलट अर्थ लावला होता, त्याला उत्तर देण्यात मराठी इतिहाससंशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या, आणि या वादातूनच साधनचिकित्सेची शिस्त आपल्याकडे पुष्कळशी घडली. चित्रकथेत यातील काहीच येत नाही. बखरकार ‘असे सांगतात’ म्हणू शकतो. ‘कदाचित’ हा शब्द गद्यात एका ओळीत बसतो. चौकटीतील चित्राला तो शब्द उच्चारता येत नाही. खंजीर कोणाच्या तरी हातात दाखवावाच लागतो, आणि एकदा दाखविला की दहा वर्षांच्या मुलासाठी तो प्रसंग कायमचा तसाच घडलेला असतो. आमच्या विषयाकडे वळलेल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या मनातील शिवकालाचे पहिले चित्र मुळीकांच्या कुंचल्याचे आहे, हे आम्ही अध्यापक सोयीस्करपणे विसरतो.

हा दोष माध्यमाचा म्हणावा, संपादकाचा नव्हे. ‘मीराबाई’ (१९७२) विषयी तसे म्हणता येत नाही. परंपरेतील मीरा राजघराण्याची आज्ञा मोडणारी, पतीपेक्षा गिरिधराला आपला मानणारी, विषाचा पेला पचविणारी आहे. चित्रकथेतील मीरा मात्र आदर्श पत्नी म्हणून उभी राहते. भक्ती आणि गृहिणीधर्म यांत विरोध नसावा याची दक्षता पदोपदी घेतलेली दिसते. जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी या मालिकेतील संतांचे तेज कसे सौम्य करण्यात आले, याचे विवेचन केले आहे, आणि त्यांचा निष्कर्ष खोडून काढणे कठीण आहे. येथे जे वगळले गेले ते बत्तीस पृष्ठांत मावत नव्हते म्हणून नव्हे, तर अप्रिय होते म्हणून.

पण अप्रिय कोणाला? या सूत्राची खरी अडचण येथे आहे. ‘वाल्मीकी’ या अंकात आदिकवीचे पूर्वायुष्य प्रचलित दंतकथेप्रमाणे वाटमाऱ्याचे दाखविले गेले. संपादकाला त्यात काही अप्रिय वाटले नसावे. वाटमाऱ्याचा ऋषी होणे ही तर उद्धाराची कथा. पण वाल्मीकीस आपला मूळपुरुष मानणाऱ्या समाजाला ती अपमानकारक वाटली आणि पंजाबात निषेध झाला. प्रिय-अप्रियाचा निवाडा करणारा नेहमी कोठे तरी बसलेला असतो, आणि त्याच्या आसनावरून काही माणसांचे दुःख दिसत नाही, ही गोष्ट एरवी लांबलचक सैद्धान्तिक चर्चेनेही एवढी स्पष्ट झाली नसती.

‘बाबासाहेब आंबेडकर’ (१९७९) हा अंक या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. संहिता एस. एस. रेगे यांची, चित्रे दिलीप कदम यांची. असा अंक काढण्याचा निर्णय त्या काळी साधा नव्हता. नामांतराचे आंदोलन ऐन भरात होते, आणि मध्यमवर्गीय घरांत जाणाऱ्या एका मुलांच्या मालिकेने अस्पृश्यतेचे दाहक वास्तव चित्रांत आणले, याचे श्रेय पै यांना दिलेच पाहिजे. दीपा श्रीनिवास यांनी मात्र असे दाखविले आहे की, ही मालिका थोर पुरुषाच्या व्यक्तिगत गुणांवर आणि परिश्रमांवर भर देऊन नव्या मध्यमवर्गाचा आदर्श घडविते. त्या प्रकाशात पाहिले असता आंबेडकरांचे चरित्र बुद्धी आणि चिकाटी यांच्या विजयाचे होते, आणि जातिसंस्थेवरील त्यांचा सैद्धान्तिक हल्ला मागे सरतो. मला ही टीका बव्हंशी मान्य आहे. तरीही एक गोष्ट नमूद करतो. त्या अंकातील तहानलेल्या मुलाचे चित्र पाहून प्रथमच अस्वस्थ झालेला वाचक पुढे अधिक कठीण ग्रंथांकडे वळला असल्यास, संपादकाच्या सूत्रातून एक अप्रिय सत्य निसटलेच म्हणायचे.

उलट गांधीजींचे चरित्र या मालिकेत यावयास १९८९ साल उजाडावे लागले. भगतसिंग आणि सावरकर त्यापूर्वीच येऊन गेले होते. यावरून घाईने राजकीय अनुमान काढू नये. तलवार, पिस्तूल आणि घोडा यांवर पोसलेल्या माध्यमाला सूत कातणारा नायक अवघड जातो, हे कारण पुष्कळसे पुरेसे आहे. सगळे मात्र त्याने उलगडत नाही.

१९७८ साली दिल्लीत शालेय शिक्षणातील चित्रकथेच्या स्थानाविषयी पै यांनी एक परिसंवाद घडवून आणला. चित्रकथा म्हणजे मुलांना बिघडविणारे वाचन, अशी तेव्हा शिक्षकवर्गाची समजूत होती, आणि तिचा प्रतिवाद करणे त्यांना आवश्यक वाटत होते. ते यशस्वी झाले. अंक शाळांच्या ग्रंथालयांत गेले. ज्या क्षणी ते तेथे गेले, त्या क्षणी त्यांना पाठ्यपुस्तकाचे निकष लागू झाले, आणि नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः नंदिनी चंद्र आणि कार्लाइन मॅक्लेन यांनी, ते लावलेही. केवळ करमणुकीचे साहित्य म्हणून पै यांना सवलत देणे हा त्यांच्याच आयुष्यभराच्या दाव्याचा अव्हेर होईल.

साधन म्हणून या अंकांचा उपयोग करू इच्छिणाऱ्यांना एक व्यावहारिक इशारा देणे अवश्य आहे. पुनर्मुद्रणात चित्रे आणि मजकूर बदलल्याची उदाहरणे आहेत, आणि प्रत्येक वेळी तसा निर्देश असेलच असे नाही. हाती आलेली प्रत कोणत्या मुद्रणाची हे न पाहता १९७१ च्या मनोवृत्तीविषयी विधान करणे धोक्याचे आहे. आमच्या ग्रंथालयांनी असल्या ‘पोरखेळा’ची जपणूक केली नाही, जुन्या प्रती रद्दीच्या दुकानांत आणि हौशी संग्राहकांकडे शोधाव्या लागतात.

पै यांच्या उत्तरायुष्यातील कामगिरीपैकी बेचाळीस भागांचे ‘महाभारत’ (१९८५ ते १९८९) हे सर्वांत महत्त्वाकांक्षी. मला स्वतःला मात्र १९८० साली सुरू झालेल्या ‘टिंकल’चे संपादक पै अधिक मोकळे वाटतात. तेथे थोर पुरुष नव्हते. एका वाचकाने पाठविलेल्या तमिळ लोककथांतून सुप्पांडी जन्मला. लुइस फर्नांडिस आणि वसंत हळबे यांनी भित्रा शिकारी शंभू उभा केला. मुले गोष्टी आणि पत्रे पाठवीत आणि ‘अंकल पै’ त्यांना उत्तरे देत. ‘अमर चित्रकथे’त वाचकाने ऐकावयाचे असते, येथे संपादकही ऐकत होता. आपला मूर्खपणा हसत मिरविणाऱ्या सुप्पांडीच्या बाबतीत प्रिय-अप्रियाचा प्रश्न उपस्थितच होत नव्हता.

मालिकेचे नवे अंक १९९१ च्या सुमारास थांबले. २००७ साली तिची मालकी नव्या कंपनीकडे गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीच्या चित्रकथा-संमेलनात पै यांचा जीवनगौरव झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २४ फेब्रुवारी रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.