अडलेली बाळंतीण

मराठीत बाई ‘अडते’. नदीला पूर आला की वाटसरू अडतो, पैसा नसला की काम अडते, आणि मूल बाहेर येईना की बाई अडते. क्रियापद एकच, पण घरातून कुणी धावत येऊन “ती अडलीय” असे म्हटले की पुढे काही विचारावे लागत नसे. आपल्याकडे किल्ल्यांवर, देवळांवर, लढायांवर भरपूर लिहून झाले आहे. या बाईचा इतिहास मात्र शोधावा लागतो, आणि सापडतो तो भलत्याच ठिकाणी.

जुन्या वैद्यकात ती आहे. सुश्रुतसंहितेत ‘मूढगर्भा’चा स्वतंत्र विचार केलेला आहे. अडकलेल्या गर्भाचे कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ असे चार प्रकार तिथे दिले आहेत. परिघ म्हणजे दाराच्या अडसरासारखे आडवे पडलेले मूल. जिवंत गर्भावर शस्त्र चालवू नये, त्याने आई आणि मूल दोघेही जातात, अशी ताकीद आहे. मूढगर्भ काढण्याइतके कठीण काम दुसरे नाही, कारण सगळे नुसत्या स्पर्शाने करायचे असते, ही कबुलीही आहे. म्हणून वैद्याने आधी अधिपतीची परवानगी घ्यावी म्हणे. बाईला विचारावे असे मात्र त्या वाक्यात नाही. असो.

पण असा शस्त्रवैद्य खेड्यात कुठून येणार? तिथे येई ती वैजीण. बाकी महाराष्ट्र तिला सुईण म्हणतो. तिने लिहिलेले काहीच नाही. तिच्या खोलीत काय चालत असे याचा गोव्यातला एक जुना लेखी पुरावा मिळतो तो चक्क इन्क्विझिशनच्या कागदात. १७३६ साली इन्क्विझिशनने एक लांबलचक फर्मान काढून बाटलेल्या कुटुंबांनी कोणकोणते हिंदू रिवाज पाळायचे नाहीत याची यादीच दिली. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१च्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ या इंग्रजी ग्रंथामुळे हे फर्मान आपल्याला वाचता येते. त्यात लग्नातले विधी आहेत, जेवणाच्या पद्धती आहेत, आणि बाळंतपणानंतरच्या सहाव्या रात्रीचे जागरणही आहे. म्हणजे आपली सटी. धर्म बदलून पिढ्या लोटल्या तरी बायका त्या रात्री जागतच होत्या, नाहीतर बंदी घालायची गरज काय होती? बंद करणाऱ्यांनीच ती नोंदवून ठेवली, ही गंमतच.

सहावीच रात्र का? सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, हे उत्तर आपल्याला पाठ आहे. मला त्यामागे आणखी एक कारण दिसते. बाळंतज्वर बहुधा पहिल्या काही दिवसांतच चढतो. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्याने मुलाला होणारा धनुर्वातही साधारण पहिल्या आठवड्यात किंवा त्याच्या पुढेमागे दिसतो. ज्या बायकांनी शेजारपाजारची बाळंतपणे पाहिली होती त्यांना हे दिवस बोटावर मोजता येत असणार. दिवा लावून, चार बायकांनी मिळून जागायचे, बाळंतिणीला एकटे सोडायचे नाही. उपाय हातात नव्हता, पण धोक्याची वेळ ठाऊक होती. हा माझा तर्क आहे, शास्त्राचा दाखला नव्हे.

आणि उपाय तेव्हा शिकलेल्यांच्या हातात तरी कुठे होता? १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने दाखवले की शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येणाऱ्या डॉक्टरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातांवाटेच ताप बायकांकडे जातो. सुइणी सांभाळत त्या वॉर्डात कमी बायका मरत होत्या! हात क्लोरीनच्या पाण्याने धुवा म्हटले तर सहकाऱ्यांना ते रुचले नाही. पणजीचे वैद्यकीय विद्यालय त्याच्या पाच वर्षे आधी, १८४२ साली सुरू झाले होते. पण पुरुष डॉक्टरपुढे जाणे आपल्या बायकांना मरणापेक्षा अवघड वाटे.

इथेच आनंदीबाई जोशींची आठवण होते. पहिली डॉक्टरीण म्हणून आपण त्यांचा फोटो लावतो. पण त्या आधी एक बाळंतीण होत्या. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. १८८३ साली त्या अमेरिकेला निघाल्या, १८८६ साली फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या, आणि प्रबंधाला त्यांनी विषय घेतला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. साऱ्या वैद्यकातून नेमका हाच. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, बाविसावे वर्षही पुरे व्हायच्या आत, त्या क्षयाने गेल्या.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे म्हणतात. त्या जन्मानंतरचे दिवस कुणी लिहीत नाही. सुश्रुताने बाळंतिणीची मुदत दीड महिना धरली, घरोघर सव्वा महिना धरतात. शेक, ओव्याची धुरी, मेथी, अळीव, डिंक. रक्त गेलेल्या बाईला अळिवातले लोह उपयोगाचेच. पण हे लाडू ज्या घरात तूप आणि गूळ त्या घरातले. शेतावर जाणारी बारा दिवसांनी चिखलात उभी राही. आणि दोन-दोन दिवस अडून जी वाचली, तिच्या मूत्राशयाला कधीकधी कायमचे भोक पडे, लघवी थांबत नसे. नवऱ्याने टाकलेल्या, माहेरी मागच्या पडवीत राहिलेल्या अशा बायका कथेत ‘आजारी’ म्हणून येतात, एवढेच.

मला सातवा महिना होता तेव्हा आईने मला माझ्या जन्माची हकीकत सांगितली. तोवर कधी बोलली नव्हती. “बाय, घाबरवायला सांगत नाही, ठाऊक असावं म्हणून सांगते.” दोन रात्री ती अडली होती. रात्री फेरीबोट बंद, म्हणून पहाटेपर्यंत थांबले. इस्पितळात चिमट्याने मला ओढून काढले, मामाने रक्त दिले. टाके पिकले. महिनाभर तिला नीट बसता येत नव्हते, मला ती आडवी पडूनच पाजायची. “तुझी आजी बाहेर पेढे वाटत होती, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुझ्याकडे बघवत नव्हतं. पंधरा दिवसांनी बघितलं.”

माझ्या जन्माच्या नोंदीत तारीख आहे, आईबाबांची नावे आहेत. पोर्तुगीज काळातल्या जुन्या वह्या कचेरीत हाताखालून जातात, त्यांत तर दोन्हीकडच्या आजोबा-आजींचीही नावे सुंदर अक्षरात असतात. त्या दोन रात्री आईचा हात धरून बसलेल्या वैजिणीचे नाव मी आईला विचारले. तिला आठवेना. सगळे तिला वैजीणच म्हणत.