धार्मिक स्वातंत्र्याचा हक्क आणि शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचा वाद

धार्मिक स्वातंत्र्याचा विचार बहुधा राज्यसंस्था विरुद्ध व्यक्ती किंवा बहुसंख्य विरुद्ध अल्पसंख्य या चौकटीत केला जातो. वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात असलेल्या शिरपूर (जैन) येथील वाद या चौकटीत बसत नाही. येथे श्वेतांबर व दिगंबर हे एकाच धर्माचे दोन पंथ असून दोघांचेही श्रद्धास्थान अंतरिक्ष पार्श्वनाथाची एकच मूर्ती आहे. मूर्ती जमिनीपासून अधांतरी असल्याची श्रद्धा असल्याने तिला 'अंतरिक्ष' हे नाव पडले.

वरवर पाहता वाद लेपाचा व आभूषणांचा वाटतो. श्वेतांबर परंपरेत मूर्तीस चक्षू, मुकुट व अलंकार चढवून पूजा होते. दिगंबरांच्या दृष्टीने तीर्थंकराची मूर्ती निरलंकार व वस्त्रचिन्हविरहितच असली पाहिजे. त्यामुळे लेपातून दिसणारी कटिसूत्राची रेषा ही एका पक्षाला पूजेची अट, तर दुसऱ्याला आराध्याचा अवमान वाटते. 1905 साली दोन्ही पंथांनी पूजेचे वेळापत्रक ठरवून तडजोड केली. तत्त्वाचा प्रश्न न सोडविता तो घड्याळावर सोपविणारी ही व्यवस्था पुढील अनेक न्यायनिवाड्यांपेक्षा अधिक व्यवहार्य होती, असे म्हणावे लागते. परंतु ती टिकली नाही. 1910 मध्ये अकोल्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला. तेथून तो नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनर न्यायालयात व अखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. प्रिव्ही कौन्सिलने 1929 साली व्यवस्थापनाचा हक्क श्वेतांबरांकडे कायम ठेवला. दिगंबरांचा ठरलेल्या वेळी पूजा करण्याचा हक्क मात्र अबाधित राहिला. त्या काळी मूलभूत हक्कांची संकल्पना कायद्यात नव्हती. निर्णय करार, वहिवाट आणि दिवाणी हक्क यांच्या आधारे झाला.

1950 नंतर हक्कांची भाषा बदलली. संविधानाच्या अनुच्छेद 25 ने व्यक्तीला उपासनेचे स्वातंत्र्य दिले, तर अनुच्छेद 26 ने धार्मिक संप्रदायाला वा त्याच्या शाखेला आपल्या धर्मविषयक बाबींच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य (1954) या खटल्यात, जो योगायोगाने जैन मंदिराच्याच विश्वस्ताने लढविला होता, सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराला राज्याविरुद्ध बळ दिले. मात्र शिरपुरात संरक्षण मागणारे दोघेही अनुच्छेद 26 चेच लाभार्थी आहेत. एकाचे स्वातंत्र्य ही दुसऱ्याची अडवणूक ठरते. 1991 च्या उपासनास्थळ अधिनियमाचे कलम 3 एका संप्रदायाच्या एका शाखेचे स्थळ दुसऱ्या शाखेचे करण्यासही मनाई करते. पण 15 ऑगस्ट 1947 रोजीही जे स्थळ दोघांच्या उपासनेचे होते, तेथे त्याचा उपयोग अल्प आहे.

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यात भारत एप्रिल 1979 मध्ये सामील झाला. त्याच्या अनुच्छेद 18 नुसार श्रद्धेच्या प्रकटीकरणावर सार्वजनिक सुव्यवस्था व इतरांचे मूलभूत हक्क यांसाठी आवश्यक तेवढीच बंधने घालता येतात. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1981 मध्ये, संघर्षामुळे या मंदिराला कुलूप लागले व ते चार दशकांहून अधिक काळ राहिले. सुव्यवस्थेसाठी घातलेले बंधन इतके दीर्घ चालले, तर त्यास 'आवश्यक तेवढेच' म्हणणे कठीण आहे. व्यवस्थापनाच्या वादात ज्याला काहीच मागायचे नव्हते, अशा सामान्य उपासकाचा अनुच्छेद 25 खालील हक्क यात गहाळ झाला. त्याची बाजू मांडणारा स्वतंत्र पक्षकार नव्हता.

फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे श्वेतांबरांना लेपाची परवानगी देऊन मंदिर उघडण्याचा मार्ग मोकळा केला. मार्चमध्ये दरवाजे उघडले. त्यानंतर काही दिवसांतच दोन्ही पंथांच्या अनुयायांत मंदिरातच हाणामारी झाली.