सस्कॅचेवान प्रेअरीवरील वायनरी

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील गवताळ मैदानात फळबागांना जोडून उभ्या राहिलेल्या छोट्या वायनरी. इथल्या पेल्यात बहुतेकदा द्राक्षाची वाइन नसते. आंबट चेरी, हॅस्कॅप, सस्काटून बेरी किंवा ऱ्हुबार्बची असते. कारण एकच, थंडी. सस्काटून शहरात 1 फेब्रुवारी 1893 रोजी पारा उणे 50 अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. युरोपातल्या नामांकित द्राक्षवेली अशा हिवाळ्यात उघड्यावर तगत नाहीत.

या वायनरींचा पाया रोपवाटिकेत घातला गेला. लेस केर यांनी 1940च्या दशकात सस्काटून येथे काटक स्टेप चेरीचा नेहमीच्या आंबट चेरीशी संकर केला. ते काम सस्कॅचेवान विद्यापीठाने नेटाने पुढे नेले आणि 1999 मध्ये ‘कार्माइन ज्यूएल’ ही जात बागायतदारांच्या हाती दिली. झुडूप जेमतेम दोन मीटर उंच, त्यामुळे फळे उभ्याउभ्या तोडता येतात. हॅस्कॅपवर याच विद्यापीठात बॉब बोर्स यांनी काम केले. त्याचे फूल उमलल्यावरही उणे 7 अंशांपर्यंत तग धरते. फळ लांबुळके, निळे, त्यावर पांढुरका थर. चिरडले की गडद लाल रस बोटांना चिकटून बसतो.

हा रस तसाच आंबवला तर वाइन फार आंबट होते. म्हणून त्यात पाणी घालून आंबटपणा उतरवतात आणि पुरेसे अल्कोहोल तयार व्हावे यासाठी साखर मिसळतात. यात कसलीही लबाडी नाही. फळांच्या वाइनची ही रीतच आहे.

रिजायनाच्या वायव्येला क्वापेल खोऱ्यातील लम्सडेनजवळ ‘ओव्हर द हिल ऑर्चर्ड्‌स’, सस्काटूनच्या पश्चिमेला पर्ड्यूजवळ ‘लिव्हिंग स्काय’ आणि नैर्ऋत्येला मेपल क्रीकच्या बाजूला ‘सायप्रेस हिल्स व्हिनयार्ड’ ही परिचित नावे. सायप्रेस हिल्समध्ये मात्र द्राक्षेही पिकवतात, आणि एवढ्या उत्तरेला ती पाहणे हाच मोठा आनंद आहे.

भेटीसाठी जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा पूर्वार्ध सर्वांत चांगला. तेव्हा चेरी झाडावर असते, आणि झाडावरचे फळ चाखून मग त्याच फळाची वाइन घेतली तरच तिचा आंबटपणा नीट कळतो. वायनरी गावाबाहेर, एकमेकींपासून लांब असल्याने स्वतःची गाडी लागतेच. प्रांतात मद्यपानाचे किमान वय 19 वर्षे आहे. रक्तात 0.04 टक्के अल्कोहोल आढळले तरी वाहन परवाना निलंबित होतो, तेव्हा चालकाने टेस्टिंगला न बसता बाटली घरी न्यावी.