बडोदे कॉलेजातील धर्मांचा तौलनिक अभ्यास आणि प्रा. सय्यद नवाब अली

महाविद्यालयांतून मानव्यविद्येचा एखादा सक्तीचा पेपर सुरू होतो तेव्हा धर्म आणि संस्कृती हे प्रकरण कोणी शिकवावे, असा प्रश्न हमखास येतो. विभागात त्या विषयाचा जाणकार नसतो. मग पाहुण्या व्याख्यात्यांची मालिका आखली जाते. एक तास इस्लामवर, एक तास बौद्ध धर्मावर, एक तास ख्रिस्ती धर्मावर. वक्ता येतो, हार स्वीकारतो, बोलतो आणि जातो. विद्यार्थ्याला शंका येते ती दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा विचारायला कोणी नसते. या पार्श्वभूमीवर बडोदे संस्थानात विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत झालेला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या शिक्षणकार्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची 1893 मधील अमरेलीतील सुरुवात, 1906 मध्ये संस्थानभर झालेला तिचा विस्तार आणि 1910 नंतरची ग्रंथालय चळवळ सर्वपरिचित आहेत. कॉलेजातील या अध्यासनाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

बडोदे कॉलेज 1881 मध्ये सुरू झाले. त्याच्या इमारतीचा आराखडा चिझम या वास्तुविशारदाचा. तिचा घुमट पाहणाऱ्याला विजापूरचा गोल घुमट आठवतो. अरविंद घोष येथेच फ्रेंच आणि इंग्रजी शिकवीत. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन होईपर्यंत हे कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. म्हणजे अभ्यासक्रम आणि पदवीची परीक्षा मुंबईच्या हाती, आणि प्राध्यापक नेमून त्यांना पगार देणे संस्थानच्या हाती. महाराजांनी आपल्या हाती असलेल्या बाजूचा पुरेपूर उपयोग केला. तत्त्वज्ञान आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास असे एक अध्यासन त्यांनी निर्माण केले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यावर केंब्रिजचे आल्बन विजरी यांना नेमले.

विजरी बडोद्यात नोकरीपुरते राहिले नाहीत. 1917 मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातील प्रा. रा. द. रानडे यांच्याबरोबर 'इंडियन फिलॉसॉफिकल रिव्ह्यू' हे त्रैमासिक काढले. महाराजांशी झालेल्या तात्त्विक चर्चांचे सार त्यांनी 1920 मध्ये पुस्तकरूपाने दिले आणि 1922 मध्ये तौलनिक धर्माभ्यासावरील त्यांचा ग्रंथ आला. पुढे ते अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात गेले. पण एक ख्रिस्ती इंग्रज प्राध्यापक सर्व धर्मांची तुलना करणार आणि बाकीचे ऐकणार, एवढ्यावर हा प्रयोग थांबला असता तर त्याची आज दखल घेण्याचे कारण नव्हते. विजरी यांच्या संपादनाखाली 'गायकवाड स्टडीज इन रिलिजन अँड फिलॉसॉफी' ही माला निघाली, आणि तिच्यातील इमाम गझाली यांच्यावरचे पुस्तक लिहिण्याचे काम गेले याच कॉलेजातील फारसीचे प्राध्यापक सय्यद नवाब अली यांच्याकडे. हे पुस्तक 1920 मध्ये बडोद्यात प्रसिद्ध झाले.

हे पुस्तक लहान आहे. गझालींच्या 'इह्या उलूमुद्दीन' या अरबी ग्रंथातील निवडक उताऱ्यांचे ते मोकळे इंग्रजी भाषांतर असून प्रारंभी गझालींवर एक निबंध आहे. मूळ ग्रंथाचे चार भाग आणि चाळीस प्रकरणे. इबादत, रोजच्या व्यवहारातील शिष्टाचार, माणसाचा नाश करणारे दोष आणि त्याला तारणारे गुण असा त्याचा क्रम आहे. नवाब अलींनी भर दिला तो नीती आणि अंतःकरणशुद्धीवर. वर्गात बसणारा हिंदू, पारशी किंवा जैन विद्यार्थी इस्लामकडे केवळ राजकीय इतिहासाच्या खिडकीतून पाहत असणार. गझनी, दिल्ली, अहमदाबाद, तख्त आणि तलवार एवढेच त्याच्या परिचयाचे. त्याच्या हाती गझाली देणे ही निवड अतिशय विचारपूर्वक केलेली दिसते.

गझाली (1058–1111) स्वतः अध्यापक होते, हेही येथे लक्षात घ्यावे. बगदादच्या निजामिया मदरशात ते सुमारे 300 विद्यार्थ्यांना शिकवीत. 1095 मध्ये ऐन कीर्तीच्या शिखरावर त्यांनी ते पद सोडले. आपल्या आत्मकथनात ते सांगतात की शिकवण्यामागचा आपला हेतू शुद्ध आहे की नावलौकिकाचा, या शंकेने त्यांना इतके घेरले की वर्गात जीभच उचलेना. अध्यापकाच्या पेशातील या अडचणीचे इतके निखळ वर्णन क्वचितच कोणी केले असेल.

नवाब अलींचे दुसरे मोठे काम म्हणजे 'मिरात-ए-अहमदी'. गुजरातचे अखेरचे मोगल दिवाण अली मुहम्मद खान यांनी 1761 च्या सुमारास पूर्ण केलेला हा फारसी इतिहास. मूळ फारसी संहिता नवाब अलींनी सिद्ध केली आणि ती 1927 पासून 'गायकवाड ओरिएंटल सिरीज'मध्ये छापली गेली. त्याच्या पुरवणीचे इंग्रजी भाषांतर त्यांनी संस्थानचे माजी दिवाण सेडन यांच्यासह 1928 मध्ये केले. या पुरवणीत अहमदाबाद शहर, तेथील पुरे, सूफी आणि सय्यद घराणी यांच्याबरोबरच हिंदूंची देवस्थाने आणि जातीजमातींचीही माहिती आहे. गुजरातच्या सामाजिक इतिहासाचे हे मोठे भांडार आहे.

येथे थोडे थांबून पाहावे लागते, कारण या ग्रंथात गायकवाड नायक नाहीत. लेखक मोगल अधिकारी. मराठी फौजांच्या स्वाऱ्या, चौथाईची वसुली, 1732 मधील पिलाजी गायकवाडांची हत्या, बडोद्याचा ताबा आणि 1753 मध्ये मराठ्यांच्या हाती गेलेले अहमदाबाद हा सारा काळ त्याने हरणाऱ्या बाजूने पाहिलेला आहे. आपल्याच पूर्वजांचा उदय शत्रुपक्षाच्या दिवाणाने कसा नोंदवला, ते गायकवाडांनी आपल्या खजिन्यातून छापले आणि संपादक म्हणून एका मुस्लिम विद्वानाच्या नावावर विश्वास टाकला. संहितेत काटछाट करून ती सोयीची करून घेण्याचा मोह कोणत्याही दरबाराला होऊ शकतो. आजही इतिहासाच्या पुस्तकांबाबत तो होतोच.

याच गृहस्थांनी उर्दूत आसमानी ग्रंथांचा इतिहासही लिहिला. म्हणजे तुलना ही त्यांनी केवळ संस्थानच्या इंग्रजी मालेपुरती ठेवली नाही, ती आपल्या समाजाच्या भाषेतही नेली. मराठी बाजूने अशीच एक नोंद सापडते. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी लिहिलेले बुद्धचरित्र बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी होते, आणि 1907 मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांच्या हाती केळुसकरांनी तेच दिले.

अर्थात हा प्रयोग राजाच्या इच्छेवर उभा होता आणि त्याची मर्यादाही तीच. 1939 मध्ये महाराज वारले, दहा वर्षांनी विद्यापीठ आले आणि हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. फारसी, अरबी आणि उर्दूचा विभाग कला शाखेत राहिला, पण भाषांचा विभाग म्हणून. तत्त्वज्ञानाचा वर्ग वेगळा आणि फारसीचा वेगळा अशी विभागणी झाली की गझाली कोणाच्याच वाट्याला नीट येत नाही. तत्त्वज्ञानवाल्यांना अरबी येत नाही आणि भाषावाल्यांच्या अभ्यासक्रमात 'इह्या'ऐवजी गझला आणि कसीदे असतात. विजरी आणि नवाब अली एकाच कॉलेजात होते. एकाच्या मालेत दुसऱ्याचे पुस्तक निघत होते आणि दोघेही विद्यार्थ्यांना दुसऱ्या दिवशी भेटत होते.