नवें नाक आणि जुनी जाणीव

मराठी माणसाची अब्रू नाकाशीं जोडलेली आहे. ‘नाक कापलें’ हा आज वाक्प्रचार असला, तरी एके काळीं ती खरीखुरी शिक्षा होती. 1790 ते 1792 या काळांत टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धांत मराठे इंग्रजांच्या बाजूस होते. मराठ्यांच्या एका फौजेचे सेनापति परशुरामभाऊ पटवर्धन होते. त्यांचें तासगांव पुढें सातारा जिल्ह्यांत मोडे, आज तें सांगली जिल्ह्यांत आहे. याच युद्धांत इंग्रजी सैन्याचे बैल हांकणारा कावसजी नांवाचा मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला.

वर्षाहून अधिक काळ त्यानें तसाच काढला. मग पुण्याजवळ, विटा घडविणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्यास नवें नाक करून दिलें. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या बेतानें घडवावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा, भोंवतीं रेघ ओढून तेवढें कातडें सोडवावयाचें आणि खालीं वळवून नाकाच्या जागीं बसवावयाचें, अशी ती रीत. दोन्ही डोळ्यांमधली कातड्याची पट्टी तेवढी अखंड ठेवीत व सुमारें 25 व्या दिवशीं कापीत. ही हकीकत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्यें ऑक्टोबर 1794 मध्यें छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें 1814 मध्यें लंडन येथें तशीच शस्त्रक्रिया केली.

युरोपांत अशीं नाकें होऊं लागल्यावर एक नवल दिसून आलें. पट्टी अखंड असेतोंपर्यंत नव्या नाकास बोट लाविलें, तर रोग्यास तो स्पर्श कपाळावर झाल्यासारखा वाटे! जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यानें हें आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे.

याचें कारण मेंदूच्या देठांत, म्हणजे मस्तिष्कस्तंभांत आहे. चेहऱ्याचा स्पर्श तेथें त्रिशाखी मज्जातंतूनें पोंचतो. त्याची एक शाखा कपाळ व डोळे यांकडे, दुसरी गाल व वरचे दांत यांकडे आणि तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. हलक्या स्पर्शाची वार्ता स्तंभाच्या मधल्या भागांत उतरते. वेदना व ऊन-थंड यांची वार्ता खालीं मानेपर्यंत गेलेल्या केंद्रांत जाते. तेथून ती बाजू बदलून मोठ्या मेंदूकडे चढते. कोणता तंतु कोठला, हा हिशेब या साऱ्या वाटेवर कायम राहतो. कातडें नाकावर आलें, तरी त्याचे तंतु कपाळाचेच. म्हणून मेंदूस वार्ता कपाळाची मिळे. पट्टी कापल्यावर नाक प्रथम बधिर होई, आणि हळूहळू त्यांत संवेदना येई.

ही विद्या पाहणाऱ्या दोघां इंग्रज वैद्यांचीं नांवें त्या मासिकांत छापलेलीं आहेत. कावसजीस पुन्हां चारचौघांत तोंड दाखवितां यावें असें करणाऱ्या कारागिराचें नांव मात्र तेथें नाहीं.