सांजेची खिचडी

बहिणाबाई चौधरींच्या (१८८०-१९५१) चुलीवर आणि तव्यावर आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. जळगाव-धुळ्याच्या घरांत रात्री हमखास शिजणारी तूरडाळीची खिचडी मात्र समीक्षेच्याच काय, इतिहासाच्याही बाहेर राहते. वस्तुतः खिचडीची नोंद जुनी आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी ५ शेर असे तिचे प्रमाण दिले आहे. १६०१ मध्ये असीरगड पडला व खानदेश मोगलांकडे गेला. तथापि इथली खिचडी त्या शाही पाकाची वंशज आहे, असे आम्हांस वाटत नाही. तुपाचा तो थाट इथे कुठला? वाढताना वरून शेंगदाण्याचे कच्चे तेल, जोडीला पापड नि कांदा.

तिचे मूळ आम्ही शेतकामात शोधतो. दिवसभर कापूस वेचून दिवेलागणीला परतलेल्या बाईला भाकरी एकेक थापावी लागते, चुलीपुढून हलता येत नाही. खिचडीचे पातेले मंद आचेवर ठेवले, की ती पाणी भरते, मूल निजवते. पुढे कुकर आला आणि हे काम तीन-चार शिट्ट्यांवर आले. तेल मात्र अजूनही वरूनच घेतात.